गोल्फच्या पिशवीतला खराटा

माझे साडू ज्या गोष्टीची काळजी करत नाहीत अशी एक तरी गोष्ट मी गेली कित्येक वर्षं शोधतो आहे, आणि ती मला अजून सापडलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच घरचे जावई आणि योगायोगाने सिंगापुरातल्या हौगांग भागात एकाच कॉन्डोचे, म्हणजे गृहसंकुलाचे, रहिवासी. आमच्या इमारती समोरासमोर आहेत आणि त्यांच्या बाल्कनीतून माझं स्वयंपाकघर थेट दिसतं. ही सोय ज्या दिवशी त्यांच्या ध्यानात आली, त्या दिवसापासून माझ्या गॅसची काळजी मी करायची सोडून दिली, कारण ती तिकडून परस्पर होते. सकाळी मी चहाचं आधण ठेवून अंघोळीला गेलो की फोन खणखणतो. “साडूभाऊ, पातेल्यातून फार वाफ येतेय. घरात कोणी आहे ना?” मी टॉवेल गुंडाळून, ओल्या पावलांनी येऊन गॅस बारीक करतो, आणि समोरच्या बाल्कनीतून एक हात समाधानाने हलतो. मी मुळात आळशी माणूस आहे. काळजी करायलाही कष्ट पडतात, ते दुसरं कोणी उचलत असेल तर माझी तक्रार नसते.

स्वतःची काळजी करणारी माणसं पुष्कळ असतात, साडू त्यांतले नव्हेत. स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी ते खुशाल विसरतात. काळजी करायची ती दुसऱ्याची, आणि तो दुसरा जितका अनोळखी तितकी ती जास्त. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांच्या समोर एक बाई झोपली होती. तिचं स्टेशन चुकेल या धास्तीने साडूंनी आपलं स्टेशन आलं तरी उतरायचं नाकारलं. तिचं स्टेशन कोणतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी जागं असायला हवं असं त्यांचं म्हणणं. बाई शेवटच्या स्टेशनावर आरामात उठली, केस सारखे केले आणि निघून गेली. साडू ऑफिसात उशिरा पोचले, आणि तिथे दिवसभर त्यांना एकच चिंता, की तिला उतरायचंच शेवटी होतं की तीही चुकली. लिटिल इंडियातल्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात ते सामान आणायला गेले की सगळ्यांत कमी दमलेला कॅशियर शोधत फिरतात, तो सापडला की आपल्यामुळे तो दमेल म्हणून निम्मं सामान परत फळीवर ठेवून येतात. घरी ताई, म्हणजे माझ्या बायकोची ती थोरली बहीण, फोडणी देऊन कोथिंबिरीची वाट बघत असते. “यांना शांत झोप लागली ना, की मीच दचकून उठते,” ती म्हणते. “म्हटलं, काय विसरले हे?”

त्यांना कोणी काळजीखोर म्हटलं तर मात्र त्यांना राग येतो. “मी काळजी करत नाही हो,” ते म्हणतात, “मी फक्त आधीपासून विचार करतो.” हा आधीपासूनचा विचार करत करत ते ठाण्याहून इथे आले, एका जहाज कंपनीच्या हिशेबखात्याचे प्रमुख झाले, इथले नागरिक झाले, आणि त्यांची मुलगी कॉलेजात जायला लागली. ती बापाला रोज एकदा तरी सांगते, “पा, रिलॅक्स लाह.” त्यावर साडू तिच्याकडे अशा नजरेने बघतात, की एवढी निर्धास्त मुलगी जगात कशी निभावेल याची त्यांना नव्याने चिंता लागलेली असते.

अशा माणसाच्या गळ्यात कॉन्डोच्या कौन्सिलचं खजिनदारपद पडलं, आणि तेही काळजीपोटीच. वार्षिक सभेत खजिनदार कोण होणार असं अध्यक्षांनी विचारलं, आणि सभागृहातली झाडून सगळी मंडळी आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसली. साडूंच्या मनात आलं, की सभा अशीच लांबली तर दाराशी उभ्या असलेल्या वॉचमनला घरी जायला उशीर होईल. एवढ्या कारणासाठी त्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या, सभा संपली, वॉचमन घरी गेला, आणि साडू एका अख्ख्या कॉन्डोच्या खर्चाची काळजी घेऊन घरी आले.

आमच्या आवाराची झाडलोट स्यू आंटी करायच्या. साठी उलटलेली, बुटकी, ठसठशीत चिनी बाई. तोआ पायोहच्या बाजूला राहायच्या आणि बसने यायच्या. नवरा पूर्वी टॅक्सी चालवायचा, पण नजर अधू झाल्यापासून घरीच होता, त्यामुळे घर त्यांच्या पगारावर चालायचं. कमरेला फोन लटकवून त्यावर मालिकेचे संवाद ऐकत त्या लिफ्ट पुसायच्या, आणि लिफ्टमध्ये कोणी आलं की आवाज कमी करण्याऐवजी आतापर्यंतची गोष्ट सांगायच्या. आमच्या आवारात पिवळ्या फुलांची मोठमोठी झाडं आहेत. दिसायला फार देखणी, पण दिवसभर त्यांची फुलं आणि पानं गळत असतात. आंटी त्या झाडांना त्यांच्या भाषेत शिव्या घालत झाडायच्या. साडूंना त्या “अंकल वरी”, म्हणजे काळजीकाका, म्हणायच्या, आणि हे नाव इतकं चपखल होतं, की आमच्या घरात मुलंही तेच वापरायला लागली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिंगापुरात सगळ्यांना मिळून एकच किमान पगार असा नाही. पण सफाई, पहारा अशा काही कामांना सरकारने खालची रेघ आखून दिली आहे, त्याखाली पगार द्यायचा नाही, आणि ती रेघ दरवर्षी थोडी वर सरकते. या विषयावर आमच्या मराठी मंडळींत एका दसऱ्याच्या जेवणाला जोरदार वाद झाला होता. बँकेतल्या एका गृहस्थांचं म्हणणं, की पगार वाढवायला लावला की मालक माणसं कमी करतो नाहीतर तास कमी करतो, साधं गणित आहे. विम्याच्या कंपनीतल्या एक बाई तावातावाने म्हणाल्या, की असं काही होत नाही, माणसं टिकतात, मन लावून काम करतात आणि मालकाचाच फायदा होतो. मग श्रीखंड आलं आणि दोन्ही पक्ष वाद सोडून त्याकडे वळले. साडू मात्र दोन्ही बाजू घरी घेऊन गेले. कारण दोघांचंही त्यांना पटलं होतं, आणि दोघांचंही पटलं की माणसाने निवांत कसं राहायचं?

त्या वर्षी सफाई कामगारांचा पगार पुन्हा वाढला. साडूंना इतका आनंद झाला, की ते लिटिल इंडियात जाऊन पेढे घेऊन आले. पगार आंटींचा वाढला आणि पेढे साडूंनी वाटले. आंटींनी पेढा निम्मा खाल्ला, “टू स्वीट, अंकल, माय शुगर हाय,” म्हणून उरलेला परत त्यांच्याच हातावर ठेवला, आणि साडूंनी तो तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. मी माझा पेढा खात म्हटलं, “साडूभाऊ, आता तरी एक काळजी मिटली.” त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्या डोक्यात दसऱ्याचे ते बँकवाले गृहस्थ बोलायला लागले होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

महिन्याभरात सफाईच्या कंत्राटाचं नूतनीकरण आलं. कंत्राटदाराने दर वाढवला होता, आणि तो वाढणारच होता. रहिवाशांना दरमहाचा देखभाल खर्च वाढलेला नको होता, आणि तोही कोणाला कधी हवा असतो? आमचे अध्यक्ष शाळेतून निवृत्त झालेले, सालस गृहस्थ. त्यांनी मार्ग काढला. आंटी पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस येतील, सकाळचा. ताशी पगार वाढलेलाच राहील, कायदा पाळला जाईल आणि खर्चही वाढणार नाही. साडू उठून म्हणाले, की पानं तर दिवसभर गळतात. झाडांना अर्ध्या दिवसाचं कंत्राट कोण समजावणार? सगळे हसले, साडू हसले नाहीत. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, “वी ट्राय थ्री मंथ्स फर्स्ट, ओके? स्टँडर्ड घसरलं तर पूर्ण दिवस परत.” हात वर झाले. विरोधात एकच हात होता, तो खजिनदाराचा.

दुसऱ्या दिवशी आंटींनीच साडूंना सगळं एका वाक्यात सांगून टाकलं. “पे गो अप, अवर गो डाउन. एंड ऑफ मंथ आय गेट लेस, अंकल.” त्यात तक्रार नव्हती, पाऊस येणार म्हणून सांगावं तसं त्या सांगत होत्या. पण काम तेवढंच होतं आणि वेळ अर्धा, त्यामुळे त्या आता धावायच्या. मालिका बंद झाली. लिफ्टमधली गोष्ट अर्धवट राहिली आणि मालिकेतल्या दोन भावांतला कोणता वाईट हे आम्हाला कधीच कळलं नाही. बादली घेऊन त्यांना अशा धावताना पाहिलं की साडू बाल्कनीत कठडा घट्ट धरून उभे राहायचे. त्या पडतील, कोणीतरी तक्रार करेल, तक्रार झाली की कंत्राटदार त्यांना बदलेल, अशी साखळी त्यांच्या डोक्यात दिवसभर फिरायची. जेवताना ते मध्येच थांबून म्हणायचे, “मागचा जिना राहिला असेल.” ताई म्हणायची, “भात गार होतोय.”

आणि मग एके दिवशी साडूंनी गोल्फ सुरू केलं. ही बातमी ऐकून मी बायकोला म्हटलं, की एकतर ती खोटी आहे किंवा तुझ्या भावोजींचा काहीतरी गंभीर मामला आहे. ज्या माणसाने आपल्या मुलीला कधी बॅडमिंटन खेळू दिलं नाही, शटलचं फूल डोळ्यात जाईल म्हणून, तो माणूस उघड्यावर एवढा टणक चेंडू मारेल? पण रोज पहाट फुटता फुटता खांद्यावर गोल्फची लांब पिशवी टाकून ते खाली उतरायचे हे मात्र खरं होतं. वॉचमन त्यांना “गुड गेम, सर” म्हणून सलाम ठोकायचा. मी चहाचा कप घेऊन एका सकाळी मागोमाग गेलो. साडू कचऱ्याच्या खोलीमागे गेले, इकडेतिकडे पाहिलं, पिशवीची चेन उघडली आणि आतून नारळाच्या हिरांचा चांगला हातभर लांब खराटा काढला. शर्ट पँटमध्ये खोचलेला, बाह्या दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि जहाज कंपनीच्या हिशेबखात्याचे प्रमुख पिवळ्या फुलांचे ढीग करत होते.

“साडूभाऊ, हे काय?”

ते दचकले. “व्यायाम,” म्हणाले. “डॉक्टरांनी कंबर वाकवायला सांगितलंय.”

“आणि खराटा? तोही डॉक्टरांनी लिहून दिला?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. आंटींची बस यायच्या आत निम्मं आवार आणि मागचा जिना ते झाडून ठेवत होते, म्हणजे त्यांची धावपळ होणार नाही आणि कोणाला तक्रारीला जागा राहणार नाही. आंटींना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. कौन्सिलला तर अजिबात नाही, रहिवाशाकडून काम करून घेतलं म्हणून ठपका आंटींवरच येईल. मी तिथेच खाली बसून हसलो. हसता हसता मला या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटलं, की मी कप बाजूला ठेवून एक सुपली धरली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि रोज हिशेब करणाऱ्या साडूंनाही दिसलं नाही. काळजीत असलेल्या माणसाला समोरची पाच मिनिटं फार स्वच्छ दिसतात, त्यापुढचं काही दिसत नाही.

पुढे काय होणार हे वाचकांच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तीन महिने झाले आणि आढाव्याची सभा भरली. साडूंनी मला धीर म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. कॉन्डोची देखभाल पाहणाऱ्या मॅनेजरने पडद्यावर फोटो दाखवले. जिने लखलखीत होते, आवारात एक पान नव्हतं. एकही तक्रार नाही, उलट दोन रहिवाशांनी कौतुक कळवलेलं. मॅनेजर म्हणाला, “स्टँडर्ड पहिल्यापेक्षा बरं आहे.” अध्यक्षांनी आनंदाने दोन्ही हात पसरले. “सी? हाफ डे इनफ!” एका सदस्याला लगेच सुचलं, की वेळ उरत असेल तर पार्किंगची झाडलोटही त्याच अर्ध्या दिवसात बसवता येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी साडूंकडे पाहिलं. ते पाण्याचा रिकामा पेला तोंडाला लावून पीत होते, खाली ठेवत होते आणि पुन्हा उचलत होते.

सभा सुटल्यावर पोहण्याच्या तलावाच्या कडेला ते मटकन बसले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “त्या बाईचा अर्धा दिवस मी खाल्ला.”

“तुम्ही कुठे? कौन्सिलने ठरवलं.”

“त्यांनी तीन महिने बघू म्हटलं होतं. त्यांनी बघितलं ते माझं काम. मी काही केलं नसतं तर पूर्ण दिवस परत आला असता.” इतकी वर्षं मी त्यांना काळजी करताना पाहिलं होतं, पण घाबरलेलं पाहिलं नव्हतं. काळजी ही होणाऱ्या गोष्टीची असते, ही झालेली होती.

त्या रात्री बहुधा ते झोपले नाहीत, कारण शनिवारी सकाळी ते माझ्या दारात उभे होते आणि त्यांच्याजवळ एक नवी योजना होती. स्टँडर्ड घसरलं तर पूर्ण दिवस परत मिळतो. तर मग स्टँडर्ड घसरवायचं. खांद्यावर सवयीने गोल्फची पिशवी, हातात एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात झाडाखालून गोळा केलेली पानं आणि फुलं. लॉबीत ती पसरायची, मॅनेजर येऊन बघेल, बाकी आपोआप होईल. या देशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कचरा टाकणं जमत नाही, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. लॉबीत आल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला आणि तो बाहेरच येईना. “तुम्ही टाका,” ते म्हणाले. मी एक पान टाकलं. त्यांनी कळवळून “स्स” केलं. मग त्यांनी मन घट्ट केलं, आणि एकेक पान जमिनीवर ठेवायला सुरुवात केली, देवापुढे फुलं वाहावीत इतक्या हळुवार. चार पावलं मागे जाऊन त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “फरशी ओली असते सकाळची. पहिल्या मजल्यावरच्या आजी घसरल्या तर?” आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून ती पानं पुन्हा गोळा करायला लागलो.

त्याच वेळी आंटी बादली घेऊन आत आल्या.

दोन मध्यमवयीन हिंदुस्थानी पुरुष लॉबीत रांगताहेत, एकाच्या हातात पिशवी, बाजूला गोल्फच्या पिशवीतून बाहेर डोकावणारा खराटा. आंटींनी खराट्याकडे पाहिलं, मग साडूंच्या हातांकडे. त्या हातांना घट्टे पडले होते, आणि घट्टे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. “एव्हरी मॉर्निंग, यू?” त्यांनी विचारलं. साडूंनी मान हलवली. मला वाटलं बाई आता विरघळणार. पण त्यांनी बादली दाणकन खाली ठेवली. “यू डू माय वर्क फॉर व्हॉट? आय आस्क यू, मेह?” मी काय मागितलं होतं का तुमच्याकडे? तुम्ही झाडता आणि तिकडे ते म्हणतात अर्धा दिवस पुरे! त्या बोलत राहिल्या, निम्मं आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. आणि मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. “आय थॉट,” त्या म्हणाल्या, “आय थॉट आय स्टिल फास्ट.”

या वयातही आपण एवढं काम अर्ध्या वेळात उरकतो असं त्यांना तीन महिने वाटत होतं. घरी नवऱ्यालाही त्यांनी तसं सांगितलं होतं. साडू उभे राहिले. आंटींनी डोळे पुसले नाहीत, पोछा पिळला. “यू वॉन्ट टू हेल्प, यू गो अँड टेल देम,” एवढंच म्हणून त्या जिन्याकडे गेल्या. आपण चांगलं करायला जावं आणि ते असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. साडूंना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही.

पुढच्या कौन्सिलच्या बैठकीला साडू गोल्फची पिशवी घेऊन गेले. बरोबर ताई होती, ब्लडप्रेशरची गोळी पर्समध्ये घेऊन, आणि मागे मी. विषय आला तसे ते उभे राहिले. चारचौघांत बोलायचं ते शक्यतो टाळतात. मुलीच्या बारशाला सुद्धा त्यांनी माझ्याकडून दोन शब्द बोलवून घेतले होते. त्यांनी पिशवीतून खराटा काढला आणि टेबलावर, अध्यक्षांच्या चहाशेजारी ठेवला. “जेंटलमेन,” ते म्हणाले, “तुम्ही फोटोत पाहिलात तो अर्धा दिवस तिचा, आणि उरलेला माझा.” मग कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. साडू उभेच राहिले. हसणं ओसरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की पूर्ण दिवस परत आणायचा तर प्रत्येक घराला दरमहा हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊबाजारातल्या, एका साध्या जेवणाइतकं जास्त द्यावं लागेल. न आणायचा तर सकाळी झाडायला माणूस लागेल, आणि आपण आता ते बंद करत आहोत. यात बाईंचा काही दोष नाही, त्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मग रीतसर भांडण झालं. एकाचं म्हणणं, आज सफाई तर उद्या वॉचमन, हे कुठे थांबणार? दुसऱ्याचं म्हणणं, त्याची आई हेच काम करायची. मॅनेजरने यंत्राने धुण्याचा पर्याय काढला, त्याला विचारलं गेलं की यंत्र जिने चढतं का? शेवटी हात वर झाले, थोडेसेच जास्त. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी, खराट्याकडे बघत, आपला हात वर केला. ठराव मंजूर झाला. ताईने पर्समधली गोळी काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि त्यांनी ती पाण्याशिवायच गिळली. परत येताना ते जवळजवळ उड्या मारत चालत होते. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ते आंटींना सांगायला खाली उतरले, या वेळी रिकाम्या हातांनी. आंटी आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी कंत्राटदाराचा सुपरवायझर एका नव्या माणसाला आवार दाखवत होता. स्यू आंटींनी नोटीस देऊन काम सोडलं होतं. घराजवळ, तोआ पायोहच्या एका हॉकर सेंटरमध्ये, टेबलं पुसायचं पूर्ण दिवसाचं काम त्यांना मिळालं होतं. “तिने मला आधीच सांगितलं होतं,” सुपरवायझर ओशाळून म्हणाला, “पण म्हणाली, त्या अंकलला बोलू नको. ही विल वरी.”

पूर्ण दिवस परत आला तो नव्या माणसाला. तो बिचारा चांगला होता आणि त्याचंही पोट होतंच, त्यामुळे साडूंना रुखरुख करायलाही नीट जागा राहिली नाही. आठवडाभर समोरच्या बाल्कनीत कोणी दिसलं नाही. माझ्या चहाला दोनदा उतू जावं लागलं आणि फोन वाजला नाही. शेवटी मीच त्यांना म्हटलं, चला, बघून येऊ.

तोआ पायोहला पोचलो तेव्हा जेवणाची गर्दी होती. आंटी आम्हाला लांबूनच दिसल्या. नवा गणवेश, हातात फडकं, आणि चाल सावकाश. साडूंना पाहून त्यांनी डोळे मोठे केले आणि “अय्या, अंकल वरी!” म्हणून हसल्या. राग गेला होता की बाजूला ठेवला होता कोण जाणे. साडूंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. पूर्ण दिवस आहे ना? आहे. जेवायला सुट्टी? आहे. बसायला जागा? आहे, अंकल, आहे. सभेत काय झालं ते साडूंनी सांगितलं. त्यांनी ऐकलं, “गुड लाह, फॉर द न्यू मॅन,” म्हणाल्या, आणि जरा थांबून साडूंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. तेवढ्यात त्यांच्या मागून एक उंच यंत्र सावकाश आलं. लोकांच्या टेबलांमधून आपापलं फिरत, खरकटे ट्रे पोटात घेत, मध्येच गाणं म्हणत. लहान मुलं त्याच्यामागे धावत होती. आंटींनी त्याच्या पाठीवर फडकं मारलं. “माय हेल्पर,” त्या म्हणाल्या. “न्यू वन. व्हेरी स्लो.” आणि हाक आली तशा त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

साडू त्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, “पुढच्या वर्षी तिचा पगार परत वाढेल.”

“हो,” मी म्हटलं. “चांगली गोष्ट आहे.”

“चांगलीच आहे,” ते म्हणाले. “वाढायलाच हवा.” आणि बाहेर बघायला लागले.

इतकी चांगली बातमी इतक्या भेदरलेल्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. एरवी मी त्यांची चेष्टा केली असती, ओठांवर आलीही होती. पण ते यंत्र माझ्याही डोळ्यांपुढून हलेना, त्याला कधीच पगारवाढ द्यावी लागत नाही. मी त्यांच्या घट्टे पडलेल्या हातावर नुसता हात ठेवला, आणि आमचा स्टॉप येईपर्यंत तो काढला नाही.